भाईदासचे एकतीस आंगठे

लिही मृणाली. आधी गावाचं नाव लिहू नको. नरडाण्याचं रेल्वे टेशन आम्हाला जवळ आहे, एवढंच लिही, पुष्कळ झालं. ज्याला शोधायचंय त्यानं आधीच शोधून ठेवलंय. आणि मी बोलते तसं मांड, मधी सुधारत बसू नको. माणसं जशी बोलली तशीच बोलू दे.

हे सगळं भाईदासचं आहे. भाईदास आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. शिपाई म्हटलं की तुला टोपीवाला वाटंल, तसं काही नाही. खाकी सदरा, तो पण खांद्यावर उसवलेला, आणि हातात पाण्याची चावी. ती चावी माझ्या कमरेएवढी उंच, लोखंडाची. सकाळी सायकलला आडवी बांधून निघायचा आणि एकेका गल्लीचं पाणी सोडत जायचा. आधी त्याचा बाप हेच काम करायचा. बाप गेला, तेराव्याच्या आतच चावी ह्याच्या हातात आली. तवा हा विशीतला पोरगा. पहिल्याच महिन्यात चावी निसटली आणि उजव्या हाताचा आंगठा फाटला. टाके घातले, पण आंगठ्याच्या पोटावर मधोमध पांढरी रेघ राहून गेली. वावरात बांध असतो ना, इकडं एक वावर, तिकडं एक वावर, अगदी तशी. ही रेघ ध्यानात ठेव.

माणूस लई गोड. गावात सून नवी आली की दुसऱ्या दिवशी तिचं माहेर ह्याला पाठ. कोणी फागण्याची, कोणी धरणगावची, मी असोद्याची. मला पंचावन्न वर्षं झाली ह्या गावात, तुझे आजोबा मला "अगं ए" म्हणत गेले, पण भाईदास हाक मारायचा, "असोदावाली अक्का!" ते ऐकलं की मला माझ्या माहेरची केळीची बाग दिसायची. मायबाप गेल्यावर माहेराच्या नावानं हाक मारणारं कोण राहतं बाईला? एवढ्यासाठी मी त्याला भाऊ मानला. राखी बांधत व्हते. आमच्या विहारात पौर्णिमेची खीर झाली की पहिली वाटी त्याच्या घरी.

आता रजिष्टराचं सांगते. सगळं त्यातूनच निघालं.

सरकारनं कायदा केलाय, गावाची सभा भरायच्या आधी बायांची सभा निराळी भरवायची. बायांनी बसायचं, बोलायचं, गावाचं काय करायचं ते सांगायचं. चांगला कायदा आहे, मी नाव ठेवत नाही. पण सभा ठेवतात सकाळी अकराला. अकरा वाजता कोणती बाई घरी असते? कापूस वेचायला गेलेली असते, नाहीतर बकऱ्यांमागं. मग सभेत भिंती बसणार का? म्हणून भाईदास सकाळी पाणी सोडता सोडता रजिष्टर घेऊन दारोदार फिरायचा. काखेत रजिष्टर, खिशात शाईचा डबा, खांद्यावर रॉकेल लावलेलं फडकं.

"असोदावाली, आंगठा दे वं."

"कसाले रे?"

"तू सभाले उनी." म्हणजे मी सभेला आले म्हणे.

"मी तर आठे चुल्हापुढे बठेल शे."

"मंग सभाच तुना चुल्हापुढे उनी. मोठी बाई व्हयनी तू!"

आणि आम्ही हसायचो. तो आंगठा धरायचा, शाईवर दाबायचा, कागदावर दाबायचा, मग फडक्यानं पुसून द्यायचा. जसं लहान पोराचं नाक पुसतात. शाई भाकरीला लागू नये म्हणून. अर्धा कप च्या पिऊन पुढच्या दारी. नसीमबी आमच्या शेजारची, गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याची बायको, ती तर हात न धुताच आंगठा पुढं करायची, कागदावर पिठाचा आंगठा उमटायचा. वर्षातून चारदा असं. किती वर्षं? मोजली नाहीत. वीस तरी.

मी त्याला कधी विचारलं नाही, वर काय लिहितात. वर कोरं असायचं. खाली आंगठे, वर कोरं. आता बोलताना कळतं, पण तवा काहीच वाटत नव्हतं. उलट वाटायचं, सरकारचं काम सरकारच्या घरी, आपलं काम आपल्या चुलीपाशी, आणि मधल्या मधी भाईदास सगळं निभावून नेतो.

गावाला लागून गायरान आहे. त्यात तळं. फार मोठं नाही, पण चैत्रापर्यंत पाणी टिकतं. ज्यांना वावर नाही त्यांच्या बकऱ्या तिथं चरतात, म्हणजे आमच्या गल्लीच्या, नसीमबीच्या गल्लीच्या, भिल्लांच्या भिलाटीतल्या. मी दोन बकऱ्यांवर तुझ्या बापाला बारावी केला. तळ्याच्या काठी आमच्या लोकांना जाळतात. तुझे आजोबा तिथंच गेले, बाभळीखाली. गायरान गेलं तर बकऱ्याही गेल्या आणि आमचं मरणही गेलं, असं समज.

मागच्या मार्गशीर्षात मी बकऱ्या घेऊन गेले तर बाभळीखाली दगड दिसला. पांढरा, चुना लावलेला, वर लाल आकडा. पुढं अजून एक. मग अजून. तळ्याला फेर घालून गेले व्हते दगड. माणूस कोणी नाही. एक पांढरी गाडी लांब रस्त्यावर उभी, काचा काळ्या. मी पाहते म्हणून ती हलेना, आणि ती हलेना म्हणून मी. शेवटी बकऱ्याच माघारी फिरल्या.

दुसऱ्या दिवशी भाईदासला नळापाशी विचारलं. "भाऊ, गायरानमा दगड कोना शेत?" कोणाचे आहेत, म्हटलं.

"मोजनी शे," म्हणे. "सरकारी."

एवढंच. च्या नको म्हणाला. भाईदास च्या नको म्हणाला, हे मी पहिल्यांदा ऐकलं. चावी लावताना ती दोनदा खटक्यात बसली नाही.

मग गावात कुजबूज. कोणी म्हणे कंपनी येणार, कोणी म्हणे गोदाम. सरपंच सविताबाई. तिचं नाव पाटीवर, पण खुर्चीवर बसतो तिचा नवरा रविंद्र. सविताबाईला मी एकदा ग्रामपंचायतीच्या हापिसात पाह्यलं, झेंडावंदनाला. रविंद्र बोलायला लई नरम. कधी आवाज चढवत नाही. मला त्याचीच भीती वाटते. चढणाऱ्या आवाजाचं आपल्याला कळतं तरी, आता मारणार.

तूच मग धुळ्याच्या कॉलेजातून आली सुट्टीला आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला, तालुक्याला दगडांची तक्रारही दिली. मी नको म्हणत व्हते, लिही, तेही लिही. मी म्हणत व्हते, बाई, आपल्याला कशाला. महिन्यानं कागद आले. तू ओट्यावर बसून वाचलं. दोन ऑक्टोबरच्या आधीची बायांची सभा, हजर बाया एकशे चोवीस. ठराव, गायरानाची जमीन कंपनीला द्यायला गावातल्या महिलांची काही हरकत नाही, सगळ्यांचं एकमत. आणि हा ठराव मांडला कोणी? तू थांबली. मी म्हटलं, वाच की. तू म्हणाली, "आजी, तू."

लिलाबाई तोताराम. सूचक. माझ्या नवऱ्याला जिथं जाळला ती जागा मीच देऊन टाकली व्हती, एकमतानं.

माझा आंगठा पहिला व्हता ना पानावर. माझ्या घरापासून गल्ली सुरू व्हते. ज्याचा आंगठा पहिला, त्याच्या तोंडात ठराव. एवढा सोपा हिशेब.

त्या दिवशी मी भाकर थापली नाही. तू दिलेला कागद घेऊन खिडकीशी बसले. मला अक्षर वाचता येत नाही, पण आंगठा वाचता येतो. बकऱ्यांचे खूर ओळखणारी बाई मी. पाहत गेले. हा माझा. हा नसीमबीचा, पिठाचा, अर्धा. हा भिलाटीतल्या म्हातारीचा, तिचा आंगठा वाकडा. आणि मग एक आंगठा, मधोमध पांढरी रेघ. त्याच्याखाली अजून एक, पांढरी रेघ. पान उलटलं, पांढरी रेघ. तुला म्हटलं, ह्याच्यापुढं नाव कोणाचं? तू वाचलं, पुष्पाबाई.

पुष्पाबाई श्रावणातच मेली व्हती. सभा नंतरची, ऑक्टोबरच्या तोंडावर.

मी उठले आणि सरळ टाकीपाशी गेले. दुपारची वेळ, भाईदास टाकीच्या सावलीत एकटाच बसलेला. कागद त्याच्यापुढं धरला.

"हाऊ आंगठा कोना शे?"

त्यानं पाह्यलं नाही. "मना." माझा, म्हणे.

"आणि हाऊ?"

"मना."

"कितला शेत?"

"एकतीस." मोजून ठेवले व्हते त्यानं. "ज्या बाया वावरमा जायेल व्हत्यात, त्यास्ना. ऊन कितलं व्हतं अक्का! दोन-दोन खेपा कोन मारी? म्हटलं, कागदच शे."

"पुष्पाबाई वावरमा व्हती का रे?"

तवा त्याला तोंड फुटलं. पुष्पाबाईला दोन वर्षं लकवा झालेला, तिचा हात उठत नव्हता, म्हणून तिचा आंगठा हाच लावायचा. हाताला सवय. तिचं नाव आलं आणि हात चालला. "तिले खांदा बी मीच दिधा अक्का," म्हणे, "आणि तिना आंगठा बी मीच दिधा."

मी त्याला लई बोलले. तोंडात येईल ते. मेल्या, तुझ्या जिभेला काय झालं व्हतं, वर काय लिहिणार एवढं विचारायला? तो ऐकत राहिला. मग हळू म्हणाला, "तू तरी कव्हा इचारं?"

मी कागदाची घडी केली आणि त्याच्याशेजारी खाली बसले.

मग त्यानं बाकीचं सांगितलं. आपल्या तक्रारीवरून चौकशी लागली व्हती, तालुक्याहून साहेब येणार व्हता. रजिष्टर आता रविंद्रच्या घरी असतं. रविंद्रनं ह्याला बोलावून, खुर्चीवर बसवून, च्या पाजून सांगितलं, चौकशीत म्हणायचं, बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, बाया सभेला आल्या व्हत्या. नाहीतर खोटे आंगठे कोणाचे निघतील, भाऊ? आपल्याला तुमची काळजी. भाईदासची पोरगी चारुलता धुळ्याला कॉलेजात, रोज एसटीनं जाते-येते. दोन माणसं मोटारसायकलवर त्याच्या घरासमोर येऊन थांबत. काही करत नाहीत, नुसती थांबतात.

"त्यास्नी काही धमकी दिधी का?" मी म्हटलं.

"नही. धमकी नही. मनी आंडेर चारुलता कितला वाजता यष्टीमाईन उतरस, ते त्यास्नी माले सांगं. मी इचारं नव्हतं."

टाकीतून पाणी ठिबकत व्हतं. भाईदास उठून चावी आवळून आला.

चौकशी आली माघात. तू गल्लीत सगळ्या बायांना सांगून आलेली, की या आणि सांगा, आम्ही नव्हतो. एकशे चोवीस आंगठे, त्यातली पुष्पाबाई मेली, बाकीच्या किती याव्यात? एकोणीस आल्या. नसीमबी दारातच अडली.

"बाई, मेरा तो नाम भी गलत लिखा उन्होंने. अंगूठा सही, नाम गलत! मैं गई तो साहब बोलेगा, तू है कौन?"

"तू नसीम शे, असं सांगजो."

"और उसने बोला कागज दिखा, तो?" हसत व्हती, पण चौकट सोडत नव्हती. शेवटी चप्पल घातली. "चल. तू सूचक है, मैं तेरे पीछे."

साहेब तरणा व्हता. चांगला व्हता, खोटं कशाला बोलू. मला खुर्ची दिली. रजिष्टर पुढं ठेवलं.

"आजी, हा अंगठा तुमचा?"

"माझा."

"म्हणजे तुम्ही सभेला होतात."

"नव्हते. मी चुलीपाशी व्हते."

"मग अंगठा कसा?"

"भाईदासनं दारात येऊन घेतला."

"वर काय लिहिलंय ते विचारलं?"

"वर कोरं व्हतं."

"कोऱ्या कागदावर अंगठा दिलात?" त्यानं पेन खाली ठेवलं. "आजी, कोणी जबरदस्ती केली?"

"नाही."

"किती वर्षं देताय असा?"

वीस तरी, मी म्हटलं. साहेब रागानं बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. म्हणाला, "सभेत बसणं तुमचा हक्क, तो कोणी काढून घेतला नाही. बसायचं काम तुमचं होतं. तुम्ही ते दुसऱ्याला दिलंत. आता मी काय लिहू?"

कोपऱ्यात रविंद्र बसलेला. मान हलवत व्हता, जसा कीर्तनात हलवतात. आणि खरं तेच व्हतं ना? चोर तो, पण कुलूप आम्हीच काढून दिलेलं.

मग भाईदासला बोलावलं. तो आत आला आणि उभाच राहिला. साहेबानं विचारलं, महिला सभेला हजर कोण व्हतं? भाईदासनं रविंद्रकडं पाह्यलं. मग खिडकीतून बाहेर. बाहेर ती मोटारसायकल लिंबाखाली लावलेली. मला वाटलं, गेलं. आता हा म्हणणार, बठ्ठ्या आल्या व्हत्या. आणि मी त्याला दोष पण दिला नसता, पोरीचा बाप तो.

तो म्हणाला, "साहेब, शाई द्या."

साहेबाला कळलं नाही. भाईदासनं स्वतःच खिशातून डबा काढला, तोच, आमच्या आंगठ्यांचा. कोरा कागद ओढला. आंगठा शाईवर दाबला, कागदावर दाबला आणि कागद रजिष्टराशेजारी ठेवला. पांढरी रेघ.

"असा आठे एकतीस शेत," म्हणे. "मोजी ल्या. बाकीना मी दारोदार लिधा. सभा व्हयनीच नही. यंदा नही, मागला साल नही, मी कामले लागनू तव्हापासून नही."

साहेब खरंच मोजायला लागला, बोट ठेवून, एक एक. रविंद्र उठला, माठातून पाणी काढलं आणि पेला भाईदासपुढं धरला.

"पाणी घ्या भाऊ," म्हणाला. "घसा सुकला असंल."

भाईदास प्यायला. काय करणार, हात पुढं आला की पाणी घ्यावं लागतं.

ठराव रद्द झाला. साहेबानं तसं लिहिलं. आम्ही एकमेकींना साखर दिली. पण त्याच कागदात खाली असंही व्हतं की शिपायानं खोटे आंगठे लावले, त्याच्यावर गुन्हा नोंदवा. ठराव लिहिणाऱ्यावर नाही, ठरावाखाली आंगठे गोळा करणाऱ्यावर. भाईदास घरी बसला. चावी दुसऱ्याच्या हाती गेली आणि आमच्या गल्लीचं पाणी दोन दिवसाआड झालं, मग चार दिवसाआड.

आणि नवी सभा लागली. खरी सभा, गायरानासाठी, चैत्रातल्या मंगळवारी अकरा वाजता. त्यात एक मेख. गावातली शंभर माणसं भरली तरच सभा. नाही भरली तर तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिथं माणसं मोजत नाहीत. रविंद्र आणि त्याचे चौघं बसले तरी ठराव पक्का. म्हणजे आम्हाला आमचं गायरान वाचवायला कोणाशी भांडायचं नव्हतं. नुसतं येऊन बसायचं व्हतं. तेच तर आम्ही कधी केलं नव्हतं.

भाईदास मग निघाला. रजिष्टर नाही, चावी नाही, मोकळ्या हातानं. दारोदार, त्याच वाटेनं. "धरणगाववाली, मंगळवारे येजो. तू स्वता येजो. आंगठा नको माले, तू पाहिजे." काही दारं उघडली नाहीत. आत माणूस, कडी आतून, आणि हा ओट्यावर उभा. एकीनं तोंडावर सांगितलं, "तू आम्हाले चोर ठरायं चौकशीमा, आते गोड बोलस?" तो म्हणे, "मी माले बी चोर ठरायं ना, माय." मी बरोबर व्हते. माझे गुडघे दुखत व्हते, पण त्याला एकट्याला जाऊ देववेना. आम्ही जिथं जिथं गेलो, मोटारसायकल दोन घरं मागं.

रविवारी कळलं, मंगळवारी सकाळी सात वाजता गावातून जीपा निघणार. बायांना सप्तशृंगीच्या गडावर फुकट दर्शन, जेवण पण. चैत्राची यात्रा ना! कोणी दिल्या? कोणी भक्तानं. आणि आमच्या गल्लीसाठी निराळी गाडी, लेणी पाहायला. नसीमबी म्हणाली, "देखा? बुद्ध को भी नहीं छोडा. मेरेकू किधर ले जाते, पूछ के आऊं?" हसलो आम्ही. त्यानंतर आम्ही हसलो नाही.

सोमवारी भाईदासला निरोप आला. पोलीस ठाण्यात जबाबाला ये. मंगळवारी, अकरा वाजता.

मंगळवारी मी साडेदहालाच जाऊन बसले, पुढं, खांबाशी. जीपा भरून गेलेल्या पाह्यल्या व्हत्या. अकराला आम्ही बासष्ट. ग्रामसेवक घड्याळ पाहत व्हता. त्यानं अर्धा तास थांबायचं कबूल केलं. तू दारात उभी राहून मोजत व्हतीस, आठवतं? सत्तर. मग कोणीच नाही, कितीतरी वेळ. मग भिलाटीतल्या बाया आल्या, सगळ्या एकदम, पोरं कडेवर, कापसाच्या काड्या उपटून आलेल्या, हात काळे. मग ज्या बाईनं भाईदासला चोर म्हटलं व्हतं ती, सासूला घेऊन. शेवटी एकशे सात.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. मी म्हटलं, परत वाच. त्यानं परत वाचला. मी उठले आणि म्हटलं, हरकत आहे. नसीमबी म्हणाली, हरकत आहे. मग सगळी खोलीच म्हणाली. पत्रे दणाणले. मी आधी लिहून घेतलं, वाचून घेतलं, मग आंगठा दिला. सगळ्यांनी तसंच केलं. तीन तास लागले. बकऱ्या घरी ओरडत व्हत्या.

रविंद्र दारात उभा व्हता, हात जोडून, एकेकीला निरोप देत. मला म्हणाला, "छान झालं अक्का. लोकशाही म्हणतात ती हीच." मग हसला. "वर्षातून चार सभा असतात. एक मे ला पुढची आहे. किती वेळा याल? वय झालं तुमचं."

संध्याकाळची एसटी आली, भाईदास नाही. चारुलता उतरली, नीट, तिला पाहून जीव भांड्यात पडला. भाईदास आला दिवे लागताना, पायी, हात छातीशी धरून. उजव्या हाताला फडकं. तेच, आमचे आंगठे पुसायचं. लाल झालेलं.

"जीपना दरवाजामा सापडना," म्हणे.

"कोनी जीप रे?"

"ठाण्याथून येता येता बसाडं त्यास्नी. घर सोडतस म्हने." घरी सोडतो म्हणून त्यांनीच बसवलं, एवढं बोलला आणि त्याच्या बायकोनं त्याला आत नेलं.

धुळ्याला दवाखान्यात नेला. जीव वाचला, हात वाचला. आंगठ्याचं वरचं पेर गेलं. ती रेघ गेली.

आंगठाच का, हे मी तवाच समजले नाही. तू समजलीस. आठ दिवसांनी कागद आला, रविंद्रनं वर अपील केलंय. चौकशी चुकीची, पहिला ठराव खरा, आंगठे बायांचेच, शिपाई खोटं बोलतो. सिद्ध कर म्हणे, एकतीस आंगठे तुझेच. आणि त्या दिवशी साहेबापुढं भाईदासनं उमटवलेला कागद? फाइलीत नाही. साहेबाची बदली झाली, फाइल तिथंच आहे, कागद तेवढा नाही. आधारात आंगठा आहे म्हणतात, पण आधाराच्या मशीनला भाईदासचा आंगठा कधी उमजलाच नाही. राशनवर नेहमी त्याची बायकोच लावायची.

काल मी त्याच्याकडं गेले. खाटेवर बसलेला, हात उशीवर. चारुलता घरीच आहे आता, कॉलेज बंद केलंय तिचं. मला पाहून म्हणाला, "असोदावाली." अक्का म्हणाला नाही, दम नव्हता. मग म्हणे, "गुरुवारे धुळाले जाशी ना?"

गुरुवारी सुनावणी आहे. मी म्हटलं, जासू.

"एक मे ले बी जाजो सभाले."

मी म्हटलं, जासू.

म्हणून तुला बसवलंय. माझ्या डोळ्यांनी त्याची रेघ पाह्यली, रजिष्टरात पाह्यली, साहेबाच्या टेबलावर पाह्यली. कागद हरवतो, मी अजून हरवले नाही. पण माझं वय झालं, हे रविंद्र बरोबर म्हणाला, आणि गुरुवार अजून दोन दिवस आहे. तोवर हे लिहिलेलं तुझ्यापाशी राहू दे, एक नक्कल नसीमबीकडं, एक धुळ्याला तुझ्या मैत्रिणीकडं.

झालं? शाईचा डबा तिथं फळीवर आहे, भाईदासनं दिलाय. थांब, आंगठा लगेच नाही. आधी पहिल्यापासून वाच, काय लिहिलंस ते. एक अक्षर सोडू नको.

आणि मोठ्यानं नको वाचू. बाहेर ती काळ्या काचांची गाडी येऊन थांबलीय.